चासीपासून पूर्ण बसपर्यंत : टाटांच्या ट्रक-बस व्यवसायाची पार्श्वभूमी

१ ऑक्टोबर २०२५ पासून टाटा मोटर्सचा ट्रक, बस आणि छोट्या मालवाहू गाड्यांचा व्यवसाय मोटारगाड्यांपासून कायदेशीररीत्या वेगळा झाला. या वाटणीची चर्चा प्रामुख्याने शेअर बाजाराच्या अंगाने झाली. निपाणी-बेळगाव-धारवाड पट्ट्यातून पाहताना मात्र त्याहून जुना आणि अधिक वादाचा एक प्रश्न आधी समोर येतो : गाडीचा किती भाग कारखान्याने बांधायचा आणि किती गिऱ्हाइकावर सोडायचा?

१९४५ मध्ये रेल्वे इंजिनांसाठी जमशेदपुरात स्थापन झालेली ही कंपनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून ट्रकनिर्मितीत उतरली. १९६९ मध्ये करार संपला आणि गाडीवरचा मर्सिडीज-बेंझचा तारा गेला. पुढे पिंपरीचा कारखाना वाढला आणि १९८६ मध्ये ‘४०७’ ही हलकी मालवाहू गाडी आली.

या साऱ्या काळात कंपनी विकत असे ती प्रामुख्याने चासी, म्हणजे इंजिन आणि चाके असलेला बिनबॉडीचा सांगाडा. पुणे-बंगळूर महामार्गावर अशा उघड्या चासींचे तांडे नेहमी दिसत : पुढे काच नाही, वर छप्पर नाही, लाकडी फळीच्या बैठकीवर तोंडाला टॉवेल गुंडाळून बसलेला चालक आणि मागे नुसती लोखंडी चौकट. मालक ती बॉडी बांधणाऱ्याकडे नेई आणि ऊस, तंबाखू की किराणा माल, हे सांगून फाळक्यांची उंची ठरवून घेई. बसचेही तसेच होते. महाराष्ट्राच्या एसटीने दापोडीसारख्या स्वतःच्या कार्यशाळांत बॉडी बांधण्याची परंपरा राखली. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या गाड्या अलीकडे-पलीकडे अडकून पडतात, तेव्हा रंग आणि पाट्या वेगळ्या असलेल्या या गाड्यांखालची चासी पुष्कळदा एकाच कंपनीची असते, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

२००६ मध्ये कंपनीने ब्राझीलच्या मार्कोपोलोशी ५१ आणि ४९ टक्के भागीदारीचा करार केला आणि बेळगावपासून सुमारे ७५ किलोमीटरवरील धारवाडात पूर्ण बस बांधणारा कारखाना उभा राहिला. हा निर्णय आजही एकमताने स्वीकारला जात नाही. स्थानिक बॉडी बांधणाऱ्यांचे म्हणणे असे की, ज्याच्या चासीवर आपला धंदा चालतो तोच आता स्पर्धक झाला. शिवाय खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांना लागणारा टपावरचा कॅरियर, मागची शिडी किंवा आसनांची दाटी या गोष्टी गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे कार्यशाळेतच होतात. महामंडळांच्या कार्यशाळांतील कामगारांना रोजगाराची धास्ती होती, आणि ती निराधार नव्हती. दुसऱ्या बाजूचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. अँगलच्या सांगाड्यावर रिव्हेटने ठोकलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बस उलटल्यावर कागदासारखा फाटतो. चाचणी करून मान्य झालेला एकसारखा सांगाडा तुलनेने भरवशाचा ठरतो. केंद्राने बसबॉडीसाठी संहिता लागू केल्यावर लहान कार्यशाळांना चाचण्यांचा खर्च झेपेना, आणि एसटीलाही पुढे अ‍ॅल्युमिनियम सोडून पोलादी बांधणीकडे वळावे लागले. त्यामुळे या कार्यशाळांच्या पीछेहाटीचे खापर एकट्या धारवाडच्या कारखान्यावर फोडणे अतिशयोक्तीचे होईल. नियम बदललेच असते, कारखाना फक्त त्यांच्यासाठी आधीपासून सज्ज होता. डिसेंबर २०२० मध्ये ब्राझीलच्या भागीदाराचा ४९ टक्के हिस्सा सुमारे १०० कोटी रुपयांना विकत घेण्याचे टाटांनी जाहीर केले. करार संपला, तरी धारवाडच्या बोलण्यात कारखाना ‘मार्कोपोलो’च राहिला.

मार्कोपोलोशी करार होण्याच्या सुमारास, २००५ मध्ये, आलेल्या ‘एस’ या दोन सिलिंडरच्या छोट्या मालवाहू गाडीने बांधणीचा हा वाद जवळजवळ टाळलाच, कारण ती हौद्यासकट कारखान्यातूनच तयार मिळे. चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेणाऱ्यांना सोयीची ठरलेली ही ‘छोटा हत्ती’ तीनचाकी टेंपोच्या जागी बसली. त्याच कुळातील लहान गाड्या पुढे धारवाडातही तयार होऊ लागल्या.

वाटणीची घोषणा मार्च २०२४ मध्ये झाली होती. अंमलबजावणीत नावांची अदलाबदल झाली. जुनी सूचीबद्ध कंपनी प्रवासी वाहनांची ठरून तिचे नाव बदलले, तर ‘टाटा मोटर्स’ हे नाव ट्रक-बसच्या नव्या कंपनीकडे गेले. जुन्या भागधारकांना एका शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर मिळाला आणि १२ नोव्हेंबर २०२५ रोजी तिची बाजारात नोंदणी झाली. त्याआधीच, जुलै २०२५ मध्ये, इटलीच्या इव्हेको समूहाचा संरक्षण विभाग वगळून उरलेला व्यवसाय सुमारे ३.८ अब्ज युरोंना घेण्याचा प्रस्ताव जाहीर झाला होता. इव्हेकोकडे फ्रान्स आणि चेक प्रजासत्ताकात पूर्ण बस बांधणारे कारखाने आहेत. धारवाडच्या कारखान्याच्या वाट्याला त्यानंतर कोणत्या बस येतील, हा प्रश्न म्हणूनच बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतीव सुटे भाग बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचतो.