पहिला गेमिंग कॉम्प्युटर जोडताना सुरुवात कुठून करायची?

पहिल्यांदा स्वतः कॉम्प्युटर जोडणारे बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मग त्याला चालणारा मदरबोर्ड, मग रॅम, आणि उरलेल्या पैशांत बसेल ते ग्राफिक्स कार्ड. गेमिंगसाठी हा क्रम नेमका उलटा हवा. आधी ठरवायचा तो मॉनिटर किंवा टीव्ही. ग्राफिक्स कार्डावर दर सेकंदाला किती काम पडणार हे तोच ठरवतो, आणि बाकीचे भाग त्या कार्डाच्या हिशेबाने घ्यायचे असतात.

फुल एचडी पडद्यावर (१९२० × १०८०) सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी पडद्यावर (२५६० × १४४०) ३६.९ लाख, आणि फोर-के पडद्यावर (३८४० × २१६०) ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेमला यातल्या एकेका पिक्सेलचा रंग काढणं हे ग्राफिक्स कार्डाचं काम. प्रोसेसर वेगळ्या हिशेबात गुंतलेला असतो: कोण कुठे सरकलं, कोण कशाला धडकलं, या फ्रेममध्ये काय काय काढायचं आहे. पिक्सेल किती, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. सेकंदाला फ्रेम किती हव्यात, याच्याशी मात्र नक्की असतं. ६० फ्रेमच्या वेगाला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ ला जेमतेम ६.९. म्हणून फोर-के आणि ६० हर्ट्झ (पडदा सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो ते हर्ट्झ) हवं असेल तर तगडं कार्ड आणि मध्यम प्रोसेसर पुरतो. फुल एचडीवर २४० हर्ट्झ गाठायचे असतील तर पैसा प्रोसेसरकडे वळवावा लागतो. आमच्या मते पहिल्या मशीनसाठी १४४०पी आणि १४४ हर्ट्झच्या आसपासचा मॉनिटर ही सगळ्यांत शहाणपणाची निवड.

चित्रपटांसाठी मशीन टीव्हीला जोडायचं असेल, तर एक बारीक गोष्ट बघायला हवी. चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेमचे असतात. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवली जाते, आणि कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा चित्र अडखळल्यासारखं दिसतं. १२० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा येते. फोर-के १२० हर्ट्झ रंगांत काटछाट न करता हवं असेल तर एचडीएमआय २.१ लागतं. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट, ती फोर-के ६० ला संपते. बऱ्याच टीव्हींवर सगळे पोर्ट पूर्ण क्षमतेचे नसतात, तेव्हा पोर्टशेजारचा मजकूर वाचूनच केबल लावावी.

ग्राफिक्स कार्ड निवडताना वेगाइतकीच त्याची स्वतःची मेमरी बघा. ती भरली की टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं) मुख्य रॅममधून आणावे लागतात आणि तो रस्ता कितीतरी हळू आहे. गंमत म्हणजे सरासरी फ्रेमरेट तरीही ठीक दिसतो, पण मधेच गचके बसतात. नव्या मोठ्या गेममध्ये ८ जीबी फुल एचडीलाही अपुरी पडू लागली आहे. १४४०पी साठी १२ आणि फोर-केसाठी १६ जीबी धरून चाला. व्हिडिओसाठी एव्ही१ हार्डवेअर डिकोडिंग (एव्ही१ या पद्धतीने आकुंचित केलेला व्हिडिओ कार्डानेच उलगडणं) आहे का, हेही तपासा. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून आणि इंटेलच्या सगळ्या आर्क कार्डांत ते आहे. एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेतही आहे, पण ६४०० आणि ६५०० एक्सटी ही दोन स्वस्त कार्डं अपवाद. नेमकी हीच कार्डं ‘मीडिया पीसीला पुरे’ म्हणून घेतली जातात.

प्रोसेसर सहा कोरचा (कोर म्हणजे त्यातला स्वतंत्र काम करणारा भाग), चालू किंवा आधीच्या पिढीचा, बहुतेकांना पुरतो. त्याच्या पुढे जायचं तर जास्त कोरपेक्षा जास्त कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, अतिवेगवान मेमरी) गेममध्ये अधिक उपयोगी पडते. एएमडीच्या २०२२ च्या रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसरने ९६ एमबी एल३ कॅशच्या जोरावर हे दाखवून दिलं. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतं. ते थोडं स्वस्त पडतात, पण उद्या कार्ड बिघडलं तर पडद्यावर काहीच येणार नाही आणि दोष शोधणंही अवघड होईल.

मदरबोर्डवर उगाच खर्च होतो. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) जुळलं पाहिजे, रॅमचा प्रकार जुळला पाहिजे (इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, रॅम एकमेकांत बसत नाही), एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसते ती जागा) दोन तरी असावेत. बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा असेल तर बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही, म्हणून प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस बदलणारं बटण असलेला बोर्ड घेतलेला बरा.

रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या, एकाच पाकिटातल्या. एकच ३२ ची पट्टी घेतली तर मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो. चार पट्ट्या लावल्या तर डीडीआर५ चा वेग बहुधा खाली आणावा लागतो. चार स्लॉट असले तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा. एसएसडी एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान) प्रकारची, १ टीबीच्या खाली नको, तिच्या जोडणीच्या पीसीआयई ४.० आणि ५.० या पिढ्यांमधला फरक गेम लोड होताना जवळजवळ जाणवत नाही. चित्रपटांचा साठा मोठा असेल तर वेगळी हार्ड डिस्क घ्या, कारण फोर-के ब्लू-रेची मूळ दर्जाची एकेक फाइल ५० जीबीच्या वर सहज जाते.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. कंजुषी इथे करतात आणि मग बाकी सगळ्या भागांचं नुकसान होतं. हिशेब असा: एएमडीच्या एएम५ सॉकेटचा, ६५ वॅट लिहिलेला रायझन प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत घेतो, १०५ वाला १४२ पर्यंत. कार्ड २२० वॅटचं धरू, पंखे, डिस्क, बोर्ड मिळून ६०. बेरीज चारशेच्या आसपास, तरी एसएमपीएस ६५० वॅटचा घ्यायचा, कारण कार्ड काही क्षणांपुरतं आपल्या सरासरीच्या बरंच वर उसळतं. हलका एसएमपीएस तेव्हा स्वतःला बंद करतो आणि गेमच्या ऐन मध्यात मशीन रीस्टार्ट होतं. एटीएक्स ३.० प्रमाणाचे एसएमपीएस १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसतील असे बनवलेले असतात. ८० प्लस गोल्ड हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतल्या बनावटीची हमी देत नाही.

केबलींकडे नीट लक्ष द्या. आठ पिनांचे दोन प्लग असतात: प्रोसेसरचा मधून चार-चार असा दुभंगतो, ग्राफिक्स कार्डाचा सहा-दोन असा. पिनांच्या कोपऱ्यांचे आकार वेगळे ठेवलेले असतात, कारण दोघांत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट आहेत. प्लग जात नसेल तर जोर लावू नका, तो दुसरीकडचा आहे. मॉड्युलर (केबली सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. प्लग बसतो, पण आतली वायरिंग वेगळी असू शकते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क जळते. मोठ्या कार्डांचा १६ पिनांचा प्लग शेवटपर्यंत आत गेला पाहिजे, आणि त्यानंतर साधारण ३५ मिमीपर्यंत केबल वाकवू नये. २०२२ मध्ये असे प्लग वितळण्याचे प्रकार झाले, त्यामागे अर्धवट बसलेला प्लग हे एक ठळक कारण होतं.

कॅबिनेट घेताना तीन मापं जुळवा: कार्डाची लांबी, कूलरची उंची, मदरबोर्डचा आकार. पुढे जाळी हवी. काचेच्या बंद तोंडामागे पंखे कितीही लावले तरी हवा येणार कुठून? मीडियासाठी शांतता हवी असेल तर १४० मिमीचे पंखे कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतात.

जोडताना प्रोसेसर, रॅम आणि कूलर मदरबोर्डवर कॅबिनेटबाहेरच बसवा. कूलरच्या तळावरचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहून जातं. मग प्रोसेसर पाहता पाहता तापतो आणि दोष पेस्टला (प्रोसेसर आणि कूलरमध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावतात तिला) दिला जातो. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावायची, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टात नाही.

एएम५ बोर्डावर पहिल्यांदा बटण दाबल्यावर काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून वीज तोडू नका. चित्र आलं की बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅम लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू करा, नाहीतर ६००० च्या वेगाची रॅम ४८०० वर चालत राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. पंधरा मिनिटांनंतरही काहीच दिसलं नाही, तर बहुतेक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतात ते बघा. डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, दिवा लागून राहिला असेल तर दोन्ही पट्ट्या काढा आणि एकच पट्टी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये खट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवा. बऱ्याचदा मशीन तेवढ्यावर उठतं.