समुद्र चमकतो तो फॉस्फरसमुळे? अजिबात नाही!

थंडीत देवगड, गुहागरकडे रात्री निळ्या लाटांचे फोटो टाकले की खाली कुणीतरी लिहितंच, "अरे पाण्यात फॉस्फरस असतो ना." आमच्या शाळेतही हेच सांगायचे. पण जरा विचार करा, पांढरा फॉस्फरस हवेत आपोआप पेट घेतो, म्हणून तर तो पाण्याखाली ठेवतात, मग पाण्यात तो चमकणार कसा?

खरं काय तर नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव असतो, साधारण साबुदाण्यापेक्षाही बारीक, लाट फुटली, माशाने शेपटी मारली किंवा तुम्ही पाय आपटला की त्याच्या पेशीत ल्युसिफेरिन नावाचं रसायन आणि ऑक्सिजन यांची रिअ‍ॅक्शन होते आणि क्षणभर निळा उजेड पडतो. काजव्यासारखंच, फक्त रसायन वेगळं. पाणी स्थिर असलं तर काळोखच, म्हणून कधीकधी लोक तासभर बसून "काहीच नाही" म्हणत परत जातात.

आता फोटोचं. फोटोत दिसतं तेवढं निळंशार डोळ्यांना क्वचितच दिसतं, कारण कॅमेरा दहा-पंधरा सेकंद उजेड साठवत बसतो. अमावस्येच्या आसपास जा, ट्रायपॉड घट्ट रोवा, आयएसओ (म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) 1600 ते 3200, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, फोकस मॅन्युअल. फ्लॅश मारू नका हो, सगळा निळेपणा जातो आणि शेजारचा माणूस शिव्या घालतो ते वेगळंच! मोबाईलवाल्यांनी नाइट मोड लावून फोन दगडाला टेकवला तरी बरंच काही येतं.