समुपदेशकाची बैठक आणि ताब्याचा अहवाल यांत फरक काय?

वडील सुरतला कापड कारखान्यात कामाला आणि आई लेकराला घेऊन अमळनेरला माहेरी, अशा जोडप्याचा मुलाच्या ताब्याचा वाद कुटुंब न्यायालयात पोहोचला, की दोघांना समुपदेशकापुढे बसावे लागते. ही बैठक दोन अगदी निराळ्या कारणांसाठी असू शकते, हे मात्र बहुतेकांना कोणी नीट समजावून सांगत नाही.

पहिले कारण तडजोडीचे. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ९ प्रमाणे, समेटाची शक्यता दिसेल तेथे न्यायालयाने आधी तसा प्रयत्न करायचा असतो. अखाजीच्या सुट्टीत मूल कोणाकडे राहील, वडिलांनी महिन्यातून किती वेळा भेटावे, एवढ्यावर जमले तरी ते मोठे काम आहे. मोकळेपणाने बोलता यावे म्हणून हे बोलणे गोपनीय राहते. न्यायालयाला कळवायचे ते जमले की नाही, इतकेच.

दुसरे कारण मूल्यमापनाचे. येथे न्यायालयच विचारते, की दोन्ही घरांतले वातावरण कसे आहे, आईवडिलांचे स्वभाव कसे आहेत, मुलाचे कोणाशी कसे नाते आहे. हे काम समुपदेशकाकडे सोपवता येते, किंवा कलम १२ खाली मानसशास्त्राच्या जाणकाराची मदत घेता येते. हा अहवाल न्यायाधीशांनी वाचावा म्हणूनच लिहिला जातो. मुलाविषयीच्या अशा अहवालाला मध्यस्थीतील गोपनीयतेचा आडोसा मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

मूल्यमापनात सर्वांत नाजूक भाग मुलाशी बोलण्याचा. ‘तुला आई हवी की बाबा?’ हा प्रश्न त्याला विचारूच नये, असे माझे ठाम मत आहे. सकाळी कोण उठवते, ताप आला तर रात्री जवळ कोण बसते, यातून अधिक कळते. आजीच्या मांडीवर अहिराणीत वाढलेले पोर पुस्तकी मराठीत विचारणाऱ्या अनोळखी माणसापुढे गप्प बसले, तर ते गप्प बसणे वडिलांच्या धास्तीचा पुरावा म्हणून नोंदले जाऊ नये. त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलणारे कोणी हवे. समजत्या वयाच्या मुलाची पसंती विचारात घेण्याची मुभा पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ मध्ये आहे, पण ती पसंती म्हणजे निकाल नव्हे.

अहवालही निकाल नसतो. त्यातील चुकीच्या मजकुरावर हरकत घेता येते, आणि न्यायाधीश शिफारशीहून वेगळा निर्णय देऊ शकतात. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे सांगणारा १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमही कलम १३ मध्ये मुलाचे हितच सर्वोपरी मानतो.

एकाच पालकाला भेटून, दुसऱ्याला न पाहताच एखाद्या डॉक्टरांनी दिलेले पत्र या दोहोंपैकी कशातच बसत नाही. म्हणून बैठकीला बसताना, आपल्या बोलण्यातले काय न्यायालयापुढे जाणार आहे, हे समुपदेशकाला पहिल्यांदा विचारून घ्यावे.