सह्याद्रीतले सुळके म्हणजे विझलेले ज्वालामुखी?

‘सह्याद्रीतला प्रत्येक टोकदार डोंगर हा विझलेला ज्वालामुखी आहे’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरतं आहे. तसं वाटणं साहजिक आहे, कारण दगड खरोखरच लाव्हाचा, म्हणजे बेसाल्ट आहे. चुकतो तो आकाराचा अर्थ.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा मुख्यतः जमिनीतल्या लांबलचक भेगांमधून बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. सुळके नंतर घडले, पाण्याने थर कोरून काढल्यावर.

पडताळा घ्यायला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचं भूशास्त्र पुरतं. माळशेज घाटात समोरचा कडा नीट न्याहाळा: पट्टे जवळजवळ आडवे दिसतात. ज्वालामुखीचा शंकू असता तर थर उतारासोबत कलले असते. मग रस्त्यासाठी कापलेल्या कड्याजवळ जा. थराच्या माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांची भोकं दाट असतात, काहींत पांढरी झिओलाइटची खनिजं भरलेली. दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी, मातीसारखा पट्टा लागतो. पहिल्यांदा त्यावर बोट फिरवलं तेव्हा लाल पूड हाताला लागली होती. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात दगड कुजून झालेली ती माती.