पहिल्या केमोच्या आधी विचारायचं राहून जातं ते

माझा भाचा खानापूरचा, वय 24, त्याला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघाला तेव्हा बेळगावात डॉक्टरांसमोर आम्ही चौघं बसलेलो आणि विचारलं काय तर केस गळतील काय, खर्च किती, जेवायला काय द्यायचं. पुढं मूलबाळ होईल का हे कुणाच्याच तोंडातनं निघालं नाही. आई शेजारी, मामा समोर, पोरगं तरी कसं विचारणार. शेवटी तिथल्या सिस्टरनीच त्याला बाजूला घेऊन विचारलं.

केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. कॅन्सरची पेशी तशी, केसांच्या मुळातली तशी, आणि अंडकोषात शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी पण तशाच, त्यांचं काम रात्रंदिवस चालू. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, त्यामुळं केमो सुरू झाली की दोन-तीन महिन्यांत संख्या पार खाली येते, कधी शून्यावर. मूळ पेशी वाचल्या तर पुढं काही महिन्यांत, कधी काही वर्षांत परत वाढते, नाहीतर नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या पेशी मात्र चिवट असतात, म्हणून पुरुषपण गेलं असं समजून पोरांनी खचू नये.

बायकांचं जास्त अवघड आहे. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्याकडं 10 ते 20 लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत 3-4 लाख उरतात, आणि नवीन तयार होत नाहीत. सायक्लोफॉस्फामाइडसारखं औषध ह्या साठ्यालाच हात घालतं. म्हणून तेवढ्याच डोसनं पंचविशीतल्या मुलीची पाळी परत येते आणि चाळिशीतल्या बाईची कायमची जाऊ शकते. पाळी आली म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही हो, साठा घटलेला असतो, आणि पाळी बंद आहे म्हणून दिवस राहणारच नाहीत असंपण नाही, तेव्हा उपचार चालू असताना काळजी घ्यायलाच पाहिजे, ह्या औषधांनी गर्भाला इजा होते.

सगळी औषधं सारखी नसतात, म्हणून आपल्याला कुठलं देणार ते विचारा की. शुक्राणू गोठवायला एक-दोन दिवस पुरतात, उणे 196 डिग्रीच्या नायट्रोजनमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतात, अशा शुक्राणूंपासून पहिल्यांदा दिवस राहिले ते 1953 मध्ये. बीजं काढायला इंजेक्शनं धरून दोनेक आठवडे जातात. वयात न आलेल्या मुलींसाठी अंडाशयाचा तुकडा काढून गोठवतात. पण हे सगळं पहिल्या सलाईनच्या आधी.

भाच्याचा शुक्राणू गोठवायचा फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता, माझं कन्नड बाजारापुरतं. बाकावर हुक्केरीकडचे एक म्हातारे काका होते, त्यांनी चष्मा चढवला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचून मोडक्या मराठीत अर्थ सांगितला. वीर्य हा शब्द कन्नडातपण तोच, त्यो आला तरी काका अडखळले नाहीत. बहीण सगळं ऐकत होती, वाचून झालं तसं तिनंच पेन भाच्याच्या हातात दिलं.