वेबसाईट एवढी जड झाली कशी, त्याची जुनी गोष्ट

दिवाळीच्या आधीची गोष्ट, सोलापूरच्या नवी पेठेत एका चादर-टॉवेलच्या दुकानात बसलो होतो. मालक जुने व्यापारी, आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो. त्यांची वेबसाईट बाहेरगावच्या एका एजन्सीनं बनवून दिलेली आणि दिसायला खरंच भारी होती, अख्ख्या स्क्रीनभर फोटो, त्यावर हळूहळू उमटणारी अक्षरं, मागं व्हिडिओ. हैदराबादची पार्टी समोर बसलेली, दुकानात नसलेला माल दाखवायचा म्हणून अण्णांनी लिंक पाठवली. पार्टीच्या फोनवर आधी नुसता पांढरा पडदा, मग फोटो वरनं खाली पट्टीपट्टीनं उतरायला लागला, टॉवेलची किनार दिसली आणि तिथंच थांबलं. पार्टीनं फोन खिशात टाकला आणि चहा घेतला. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "काय बे, टॉवेल कुठाय माझा?"

रात्री घरी येऊन बघितलं तर तो एकच फोटो साडेपाच एमबीचा होता, कॅमेऱ्यातनं निघाला तसाच चढवलेला. तेव्हापासून मी हा विषय खणतोय, आणि मला ठामपणे वाटतं की डिझाईन, जाहिरात आणि स्पीड या तीन वेगळ्या बातम्या नाहीतच, एकाच भांडणाच्या बातम्या आहेत, आणि भांडण वजनाचं आहे.

सोलापूरच्या माणसाला हे समजायला सोपं जातं. आपल्या जॅकार्ड चादरीचं डिझाईन आधी ग्राफ पेपरवर काढतात, एकेक चौकोन म्हणजे धागा वर की खाली, मग त्यावरनं कार्डाला भोकं पाडतात आणि ती कार्डांची माळ मागावर चढते. डिझाईन जेवढं लांब तेवढी कार्डं जास्त, फुकटात काही येत नाही. जोसेफ जॅकार्डचा हा माग १८०४ च्या सुमाराचा, फ्रान्सचा, आणि त्याचीच भोकाची कार्डं बघून चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिताच्या यंत्रात कार्डं वापरायचं ठरवलं. म्हणजे चित्राचे चौकोन करून ते यंत्राला सांगायचे ही कल्पना कॉम्प्युटरच्या आधी मागावर आली. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलंय, कार्डाच्या जागी फाईल, पण हिशोब तोच.

वेबवर सुरुवातीला जवळजवळ नुसता मजकूरच असायचा. १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझर आला आणि मजकुराच्या मधोमध फोटो दिसायला लागले, आणि लगेच पुढच्या वर्षी, २७ ऑक्टोबर १९९४ ला, हॉटवायर्ड नावाच्या साईटवर एटी अँड टी कंपनीची बॅनर जाहिरात लागली. बारकी पट्टी, ४६८ बाय ६० पिक्सेलची. बघणाऱ्या शंभरातल्या ४४ जणांनी तिच्यावर क्लिक केलं असं सांगतात, आज एवढं कुणाला मिळालं तर तो गावभर पेढे वाटेल. आपल्याकडं व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढं टेलिफोनच्या तारेवर चालणारा ५६ केचा मोडेम आला तरी सगळं नीट चाललं तर सेकंदाला जेमतेम ७ केबी, म्हणजे एक एमबी उतरायला सव्वादोन-अडीच मिनिटं. त्यामुळं तेव्हाचे डिझायनर एकेक रंग मोजायचे, जिफ या तेव्हाच्या चित्राच्या फाईलमध्ये २५६ पेक्षा जास्त रंग बसतच नाहीत, त्यातलेही कमी करायचे. माझ्या मते ती शिस्त होती आणि ती आपण सोडली.

सोडली कशी ते बघा. १९९६ च्या शेवटी मॅक्रोमीडिया कंपनीनं फ्यूचरस्प्लॅश हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि त्याचं फ्लॅश झालं. मग काय, सगळं हलायला लागलं, नाचायला लागलं, साईट उघडण्याआधी "लोडिंग" चा टक्का दाखवणारा पट्टा यायचा आणि आपण सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून तो पट्टा बघत बसायचो. त्याच काळात पॉप-अप जाहिराती आल्या. तो कोड लिहिणाऱ्या ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त कमावणारी जाहिरात निघाली ती सगळ्यात हलकी, ऑक्टोबर २००० मध्ये गुगलनं ॲडवर्ड्स काढलं, त्यात ना फोटो ना ॲनिमेशन, नुसत्या दोन-तीन ओळी. जो शोधतोय त्यालाच दाखवायची आणि पटकन दाखवायची, एवढंच तिचं कौशल्य.

स्पीड हा स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला तो २००७ च्या आसपास. याहूमध्ये स्टीव्ह साउडर्स नावाचे इंजिनिअर होते, त्यांनी मोजून दाखवलं की माणसाला जो वेळ थांबावं लागतं त्यातला ८० ते ९० टक्के वेळ सर्व्हरचा नसतोच, तो ब्राउझरमध्ये फोटो, स्क्रिप्ट (पानात चालणारा कोड) आणि स्टाईल उतरवण्यात जातो. तोपर्यंत सगळे सर्व्हरलाच शिव्या घालत होते. म्हणजे दोष दुकानाच्या गोदामात नाही, समोरच्या मांडणीत आहे. एप्रिल २०१० मध्ये गुगलनं सांगितलं की साईटचा स्पीड आता शोधाच्या क्रमवारीत धरणार, आणि मग धंदेवाले जागे झाले.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट यूट्यूबची आहे. क्रिस झकारियास तिथं काम करत होते, त्यांनी हट्टाला पेटून व्हिडिओचं पान १.२ एमबीवरनं ९८ केबीवर आणलं. प्रोजेक्टचं नाव फेदर, म्हणजे पक्ष्याचं पीस. थोड्या लोकांना ते पान देऊन आकडे बघितले तर सरासरी वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता! एवढी मेहनत करून पान हळू? मग जागांप्रमाणे आकडे पाडले तेव्हा उलगडलं, आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सायबेरिया इथले लोक पहिल्यांदाच यायला लागले होते. त्यांना ९८ केबीलाही दोन मिनिटं लागत होती, पण आधी वीस मिनिटं लागायची म्हणून ते येतच नव्हते. हे वाचलं तेव्हा मला हैदराबादची पार्टी आठवली. जो माणूस साईट उघडायच्या आधीच निघून जातो तो कुठल्याच हिशोबात दिसत नाही, आणि मालकाला वाटतं सगळं ठीक चाललंय.

फोन आल्यावर नवीन गोंधळ. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह डिझाईनची कल्पना मांडली, एकच पान मोठ्या-छोट्या स्क्रीनला आपणहून जुळवून घेणारं. फारच सुंदर कल्पना, पण बऱ्याच जणांनी कॉम्प्युटरचाच मोठा फोटो फोनला पाठवला आणि तिथं नुसता छोटा करून दाखवला, म्हणजे डबल बेडची चादर पाठवायची आणि घडी घालून उशीवर ठेवायची. त्यात जाहिरातींचा लिलाव सुरू झालेला, पान उघडता उघडता तुमची जागा विकली जाते, आणि त्यासाठी दहा जणांच्या स्क्रिप्ट पानात घुसतात. लोक वैतागले, सप्टेंबर २०१५ मध्ये आयफोननं जाहिराती अडवणारी ॲप चालू दिली, पुढच्याच महिन्यात गुगलनं एएमपी नावाची हलकी पानं जाहीर केली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आपल्याकडं बऱ्याच जणांनी वजनाचा विचारच बंद केला. पण या स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्ट, चालवायला नेट नाही, फोनचा प्रोसेसर लागतो, आणि सहा-सात हजाराचा फोन तिथंच गुदमरतो.

आता जे नियम चालतात ते मे २०२० मध्ये गुगलनं मांडलेले कोअर वेब व्हायटल्स. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदात दिसायला पाहिजे, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदात काहीतरी हललं पाहिजे (हा दुसरा निकष मार्च २०२४ पासूनचा), आणि वाचताना मजकूर उड्या मारता कामा नये. हा तिसरा मला फार पटतो. तुम्ही बातमी वाचताय, वरती उशिरा जाहिरात उतरते, सगळं खाली सरकतं आणि बोट भलतीकडं पडतं, हे रोज होतं की. खरं तर जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवली की हे होत नाही. क्रोमनं २०२० मध्ये ४ एमबीपेक्षा जास्त डेटा खाणाऱ्या जाहिराती काढूनच टाकायला सुरुवात केली, आणि गुगलच्या डिस्प्ले जाहिरातीतही इमेजच्या वजनाला मर्यादा असते. म्हणजे पंचवीस-तीस वर्षांनी क्रिएटिव्हवाले परत केबी मोजायला बसले.

मराठीवाल्यांचं एक वेगळं दुखणं आहे ते सांगायलाच पाहिजे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीची एकच ठरलेली पद्धत, रुळायच्या आधी मराठी साईट उघडली की आधी फॉन्ट डाउनलोड करा, नाहीतर सगळे चौकोन किंवा भलतीच चिन्हं. म्हणून कित्येक जण शीर्षकाचा फोटोच लावायचे. आता वेब फॉन्ट आहेत, मुक्ता, बलू असे छान फुकट फॉन्ट आहेत, पण आपली जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या धरून देवनागरीची फाईल इंग्रजीपेक्षा बरीच मोठी होते. तिच्यात चार जाडी घेतल्या तर झालंच. एक किंवा दोन जाडी घ्यायच्या आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या साध्या अक्षरात मजकूर दाखवायचा, म्हणजे वाचणारा थांबत नाही.

अण्णांच्या साईटचं मग तेच केलं. फोटो वेबपी या हलक्या फाईल प्रकारात घेतला, फोनसाठी वेगळा छोटा, साडेपाच एमबीचा १४० केबी झाला आणि धाग्याचे लूप तसेच दिसतात. अण्णांना समजवताना जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) कामाला आलं, टॉवेल जेवढा वजनदार तेवढा भाव, म्हटलं पानाचं उलटं आहे, त्यांना लगेच पटलं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एवढी गर्दी होते की नेटवर्क तुंबतं, तिथं मी आणि अण्णांचा मुलगा मुद्दाम गेलो, पाळण्याच्या रांगेजवळ उभं राहून त्याच्या जुन्या फोनवर साईट उघडली. आधी नाव आलं, मग नंबर, मग किनार, मग अख्खा टॉवेल. व्हिडिओ अजून लावायचाय, अण्णांना तो हवाच आहे, माग चालतानाचा, आवाजासकट. दाबल्यावरच उतरेल असा ठेवतोय.