जर्मन अ‍ॅकॉर्डियन शिक्षक आणि डाव्या हाताचा वाद : पार्श्वभूमी

१८२९ साली व्हिएन्नात अ‍ॅकॉर्डियनचं पेटंट निघालं, तरी पुढची शंभरेक वर्षं जर्मनीत हे नाचगाण्याचं आणि पिठ्यांमधलं वाद्य होतं. वाजवणारे पुष्कळ, पण रीतसर शिकवणारे मोजकेच. चित्र पालटलं ते नैर्ऋत्य जर्मनीतल्या ट्रोसिंगेन या छोट्या गावात. तिथे १८५७ पासून माउथ ऑर्गन बनवणारा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅकॉर्डियनकडे वळला. १९२७ मध्ये मालकांनी एका संगीतकाराकडून खास या वाद्यासाठी सात रचना लिहून घेतल्या. १९३१ मध्ये शिक्षक घडवणारी शाळाही सुरू झाली. शिकवणारे वाढले की वाद्यं खपणार, हा हिशेब त्यामागे होताच. कलाप्रेमापोटी सगळं झालं असं सांगणारे तो सोयीस्कर विसरतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर घडलेल्या अ‍ॅकॉर्डियन शिक्षकांची वाट बरीचशी ठरलेली होती : लहानपणी गावच्या मंडळाच्या अ‍ॅकॉर्डियन वाद्यवृंदात, मग परीक्षा, मग संगीतशाळेत नोकरी आणि संध्याकाळी पुन्हा मंडळाच्या तालमी. या वाद्यवृंदात एकेका गटाला एकेक सुरावट, तीही बहुतेक उजव्या हातानेच वाजवायची. डाव्या हाताला काम भाता ओढण्याचं. त्यामुळे एकल वादनाला बसलं की डावा हात कच्चा असल्याचं लगेच कळे.

दोष फक्त रियाजाचा नव्हता. डाव्या हाताच्या नेहमीच्या १२० बटणांच्या बाजूला सुट्या स्वरांच्या दोनच ओळी. बाकीची बटणं तयार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, देणारी. सुट्या स्वरांनाही पुरतं एक सप्तक नाही. चढती सरगम वाजवू लागावं तर मध्येच स्वर खाली उडी मारतो. अशा वाद्यावर जर्मन संगीतकार बाखची दोन स्वरधारांची रचना मूळ रूपात बसवणं अशक्यच.

उपाय दोन निघाले आणि त्यांच्यावरून शिक्षकांत तट पडले. पहिला, भात्यालगत सुट्या स्वरांच्या आणखी तीन ओळी घालायच्या. कॉर्ड आणि सुटे स्वर दोन्ही कायम हाताशी. पण जुन्या ओळी भात्यापासून दूर सरकतात आणि पट्ट्यात अडकलेल्या हाताची बोटं आखडतात. दुसरा उपाय कन्व्हर्टरचा : एक खटका दाबला की कॉर्डची बटणंच सुटे स्वर देऊ लागतात. यंत्रणा किचकट, शिवाय कॉर्ड आणि मोठ्या पल्ल्याचे सुटे स्वर एकाच वेळी मिळत नाहीत. जर्मनीत पहिल्या उपायाचा आग्रह बराच काळ टिकला. त्यामागे संगीताचं कारण होतं तितकाच सवयीचा हट्टही होता. भुर्दंड विद्यार्थ्यांना पडला : गुरू बदलला की नवं वाद्य आणि बोटांची बैठकही नव्याने.

तिकडे पूर्व जर्मनीत क्लिंगेनथाल या वाद्यनिर्मितीच्या गावात १९६३ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत होती. सोव्हिएत बायान (बटणांचं रशियन अ‍ॅकॉर्डियन) वादकांचा डावा हात तिथे ऐकल्यावर मंडळांमधली तयारी किती तोकडी आहे, हे झाकणं कठीण झालं. पुढे हानोफरसारख्या उच्च संगीत विद्यालयांतही अ‍ॅकॉर्डियनचे वर्ग रुजले. बाख आणि इटालियन संगीतकार स्कार्लाटी यांच्या रचना फेरफार न करता, मूळ स्वरांत वाजू लागल्या. सोव्हिएत संगीतकार सोफिया गुबाइदुलिनाची १९७८ची ‘दे प्रोफुंदिस’ ही रचना एकल वादकांच्या नेहमीच्या यादीत आली. आज उच्च शिक्षणात कन्व्हर्टरचीच चलती आहे. तीन ओळींचे पुरस्कर्ते जर्मनीत अजून आहेत, पण थोडे. गावोगावची मंडळं मात्र अजूनही बरीचशी उजव्या हातावरच चालतात आणि संगीतशाळांत येणारी मुलं मोठ्या प्रमाणात तिथूनच येतात.